परदेशात प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकून नोकरी खरंच मिळते का? कळव्यातून विचारतोय

कळवा_साइट_इंजिनिअर

नमस्कार मंडळी,

बऱ्याच दिवसांपासून इथलं वाचतोय, लिहितोय मात्र पहिल्यांदाच.

मी कळव्याचा. २०२३ ला बी.ई. सिव्हिल झालो. तेव्हापासून महापेला एका डेटा सेंटरच्या साइटवर कॉन्ट्रॅक्टरकडे साइट इंजिनिअर आहे. हातात महिना ३४ हजार पडतात. सकाळी लेबरची हजेरी, मग काँक्रीटच्या पोअरची तयारी, संध्याकाळी डीपीआर म्हणजे दिवसाच्या कामाचा अहवाल, महिनाअखेरीला आरए बिलाची, म्हणजे झालेल्या कामाच्या चालू बिलाची मापं. प्लॅनिंगचे सर रजेवर असले की पुढच्या पंधरवड्याचा मायक्रो प्लॅन मीच काढतो, आणि खरं सांगायचं तर दिवसभरात मला तेच काम सगळ्यात आवडतं. म्हणूनच प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकायचं डोक्यात बसलंय.

यूकेतल्या एका विद्यापीठाची एमएससी प्रोजेक्ट मॅनेजमेंटची ऑफर आली आहे, सप्टेंबर २०२६ ची. फी २० हजार पौंड. राहणं-खाणं, व्हिसा, तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचा हेल्थ सरचार्ज असं सगळं धरून ३५ लाखांच्या घरात जातं. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत. ते म्हणतात, घर तारण ठेवू पण तू जा. आई काही बोलत नाही, पण तिला हे पटलेलं नाही हे मला दिसतंय. आमचं हे एकच घर आहे, वन बीएचके.

राम मारुती रोडवरच्या ज्या कन्सल्टंटकडे जातोय त्याने माहितीपत्रक दिलं. त्यात मोठ्या अक्षरांत आहे की २०३० पर्यंत जगाला अडीच कोटी नवे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे लोक लागणार. यूके नाही जमलं तर कॅनडात कॉलेजचा एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स करा, तोही चालतो, असंही तो म्हणाला.

कोणी हा कोर्स करून आलं असेल, किंवा घरातलं कोणी तिकडे असेल, तर कृपया खरं काय ते सांगा. नोकरी मिळते का? कुठल्या पदावर? आणि व्हिसाचं काय होतं? पुढच्या महिन्यात डिपॉझिट भरायचं आहे.

ऐरोली_आयटी

मी माइंडस्पेसमध्ये आयटीत आहे, सिव्हिलचं मला कळत नाही. अमेरिकेबद्दल तेवढं सांगतो, कारण माझ्या टीममधल्या दोघांनी तो विचार केला होता.

अमेरिकेत मास्टर्सनंतर ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. कोर्स स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित) यादीतला असेल तर वर आणखी २४ महिने. साध्या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पदवीचा जो कोड असतो तो त्या यादीत नाही. काही विद्यापीठं तोच अभ्यासक्रम वेगळ्या कोडखाली चालवतात, मग तो स्टेममध्ये बसतो. त्यामुळे कोर्सच्या नावावर जाऊ नये, विद्यापीठाकडून कोड लेखी मागवावा. आणि सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने बाहेरून येणाऱ्या नव्या एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाच्या) अर्जांवर एक लाख डॉलर लावलेत. म्हणजे शिकून भारतात परत यायचं आणि इथून पुन्हा जायचं, हा रस्ता जवळजवळ बंद झाला.

सीबीडी_प्लॅनर

कळवेकर, तुझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी आहे, म्हणून अरे-तुरे करते. डिपॉझिट भरायच्या आधी हे वाचशील म्हणून आज सविस्तर लिहितेय.

मी सिव्हिलची. तीन वर्षं इकडे पुलाच्या साइटवर काढून २०२१ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडला एमएससी प्रोजेक्ट मॅनेजमेंटला गेले. नंतर ग्रॅज्युएट व्हिसावर (शिक्षणानंतर तिथे राहून काम करता येतं तो) तिथल्या एका कॉन्ट्रॅक्टरकडे असिस्टंट प्लॅनर होते, पाणीपुरवठ्याच्या कामांवर. २०२५ च्या सुरुवातीला परत आले. आता बेलापूरला एका पीएमसीत, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या सल्लागार कंपनीत, प्लॅनिंग बघते.

आधी तो अडीच कोटींचा आकडा. तो खोटा नाही. पीएमआय या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या संस्थेने २०२१ मध्ये तो अंदाज दिला होता. पण तो सगळ्या जगाचा आहे, सगळ्या उद्योगांचा आहे, आणि त्यातला मोठा वाटा चीन आणि दक्षिण आशियाचा, म्हणजे आपलाच. त्यात तुझ्या महापेच्या साइटवरची माणसंही आली. लीड्स किंवा बर्मिंगहॅममध्ये परदेशी विद्यार्थ्याला किती जागा मिळतील, याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. माहितीपत्रक छापणाऱ्याने हे सांगायला हवं होतं.

आता नोकरीचं. प्रोजेक्ट मॅनेजर या पदावर एमएससी करून लगेच कोणी घेत नाही. तिथेही नाही, इथेही नाही. कोट्यवधींचं काम आणि साइटवरची माणसं ज्याच्या भरवशावर सोडायची, त्याने आधी तसं काम केलेलं असावं लागतं. पदवी त्याच्या जागी चालत नाही. आमच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलं पदवीनंतर सरळ आलेली होती. कोणी बीकॉम, कोणी मेकॅनिकल, कोणी बीबीए. अभ्यासात हुशार होती. वर्षभर स्टेकहोल्डर, रिस्क, लीडरशिप यांवर निबंध लिहिले आणि मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, तुम्ही कशावर काम केलंय? तिथे गाडी अडायची. त्यातली बरीच जण गोदामात, केअर होममध्ये, हॉटेलात काम करत राहिली आणि व्हिसा संपल्यावर परतली. कामात कमीपणा नाही, पण त्यासाठी कोणी ३५ लाख घालत नाही.

ज्यांना लागली त्यांना खालच्या पदांवर लागली: असिस्टंट प्लॅनर, प्रोजेक्ट कंट्रोल्स, पीएमओ अ‍ॅनालिस्ट, ज्युनिअर क्वांटिटी सर्व्हेअर, डॉक्युमेंट कंट्रोलर. नोकरी शोधताना हीच नावं टाक. आणि ती लागली ती त्यांच्या आधीच्या कामामुळे. कोणी इकडे दोन वर्षं औषध कंपनीत व्हॅलिडेशन केलेलं, कोणी बँकेच्या आयटीत टेस्टिंग.

माझंच सांगते. मुलाखतीत त्यांनी एनईसी कराराबद्दल विचारलं. यूकेतली बरीच सरकारी आणि पाणी-रेल्वेची कामं त्या करारावर चालतात. काम अडेल असं काही दिसलं की लगेच अर्ली वॉर्निंग द्यायची, आणि ज्या घटनेमुळे वेळ-पैसा वाढतो ती कळल्यापासून आठ आठवड्यांत कॉन्ट्रॅक्टरने कळवायची, नाहीतर बऱ्याच बाबतींत हक्क जातो. मी पुस्तकातली व्याख्या सांगितली नाही. आपल्याकडच्या हिंडरन्स रजिस्टरबद्दल, म्हणजे काम अडल्याच्या नोंदवहीबद्दल सांगितलं. पाइल कॅपच्या जागेत जुनी पाइपलाइन निघाली, ती हलवायला संबंधित खात्याला किती पत्रं गेली, रजिस्टरमध्ये नोंद कोणत्या तारखेची, क्लाएंटची सही कधी झाली, आणि त्या नोंदीच्या जोरावर मुदतवाढ कशी मिळाली. समोरचा माणूस पुढे सरकून ऐकायला लागला. त्याने विचारलं, तो विलंब प्रोग्रॅममध्ये कसा दाखवलास? मी कागद घेऊन क्रिटिकल पाथ काढला, म्हणजे ज्या कामांवर शेवटची तारीख ठरते ती साखळी. नोकरी त्या अर्ध्या तासात मिळाली असं मी मानते. ती माहिती मला एमएससीत मिळालेली नव्हती, साइटच्या चिखलात मिळालेली होती. एमएससीने मला त्या खुर्चीपर्यंत नेलं, हेही तितकंच खरं.

तू हजेरी घेतोस, मापं घेतोस, मायक्रो प्लॅन काढतोस. हे तुझं भांडवल आहे. पण अजून थोडं कमी आहे.

आता व्हिसा. कन्सल्टंट दोन वर्षं म्हणाला असेल. ग्रॅज्युएट व्हिसा २०२१ च्या जुलैत सुरू झाला तेव्हा दोन वर्षांचाच होता, मलाही दोनच मिळाली. पण १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना १८ महिने. तू २०२६ च्या सप्टेंबरमध्ये गेलास तर कोर्स २०२७ च्या शरदात संपणार, म्हणजे तुला १८ महिनेच. त्या काळाचा हेल्थ सरचार्ज वर्षाला १,०३५ पौंडांच्या दराने दीड हजार पौंडांच्या वर जातो, शिवाय अर्जाची फी. तुझ्या ३५ लाखांत हे धरलंयस का ते बघ. बहुतेक जण फक्त शिक्षणाच्या वर्षाचा सरचार्ज धरतात.

१८ महिन्यांत नुसती नोकरी मिळून भागत नाही, स्पॉन्सर करणारी, म्हणजे तुझ्या व्हिसाची जबाबदारी घेणारी कंपनी हवी. त्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठीचा साधारण किमान पगार २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड आहे. नुकते शिकून झालेल्यांना सवलत आहे, ३३,४०० पौंड. पण त्या पदाच्या ठरलेल्या दराच्या ७० टक्के जास्त येत असतील तर तो आकडा धरतात. आणि ही सवलत चारच वर्षं, त्यात ग्रॅज्युएट व्हिसावर घालवलेला काळही मोजला जातो. त्यानंतर पूर्ण पगाराची अट. शिवाय त्याच जुलैपासून पद पदवी-पातळीचं असावं लागतं. असिस्टंट प्लॅनर म्हणून घेतात आणि कागदावर तंत्रज्ञाच्या पदाच्या सरकारी कोडमध्ये टाकतात असं होऊ शकतं, मग स्पॉन्सरशिप होत नाही. नोकरी स्वीकारायच्या आधी एचआरला कोड विचारायचा. कंपनीलाही प्रत्येक माणसामागे दरवर्षी वेगळा आकार भरावा लागतो. मोठ्या कंपनीला तो १,००० पौंड होता, डिसेंबर २०२५ मध्ये १,३२० झाला. छोट्या कंपन्या एवढ्यासाठीच नको म्हणतात.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते, म्हणजे नियम बदलतात म्हणजे काय होतं ते कळेल. माझा पगार २९,००० पौंड होता. तेव्हा सवलतीची मर्यादा २०,९६० होती, म्हणजे मी आरामात बसत होते. कंपनी म्हणाली, घाई नाही, तुझा व्हिसा अजून आहे, वर्षअखेरीला बघू. ४ एप्रिल २०२४ ला मर्यादा ३०,९६० झाली. दोन हजार पौंड वाढवून द्यायला ते तयार झाले नाहीत. काम चांगलं होतं, साहेब चांगला होता, तरी यावं लागलं. त्याचा राग मला अजून येतो. आपण कितीही चांगलं काम केलं तरी दुसऱ्या देशाच्या गृहखात्याच्या एका परिपत्रकावर आपलं घर चालतं, हे तुझ्या आईबाबांनी जाण्याआधी ऐकायला हवं.

तिकडे काम नाही असं मात्र नाही. इंग्लंड-वेल्सच्या पाणी कंपन्यांना २०२५ ते २०३० साठी १०४ अब्ज पौंडांचा खर्च मंजूर झालाय. त्यांना प्लॅनर लागतात, चांगले प्लॅनर मिळत नाहीत. पण त्यांना प्रिमावेरा (शेड्यूल काढायचं सॉफ्टवेअर) हातात घेऊन पहिल्या दिवसापासून बसणारा माणूस हवा असतो. संरक्षण आणि अणुऊर्जेच्या कामांना सिक्युरिटी क्लिअरन्स लागतं, त्यासाठी सहसा पाच वर्षं तिथे राहिलेलं असावं लागतं. ती दारं तुला सुरुवातीला बंद. अर्ज करून वेळ घालवू नकोस.

म्हणून माझं स्पष्ट मत: तू जा, पण या सप्टेंबरला नको. आणि नुसत्या प्रोजेक्ट मॅनेजमेंटला नको. कन्स्ट्रक्शन प्रोजेक्ट मॅनेजमेंट, क्वांटिटी सर्व्हेइंग किंवा कमर्शिअल मॅनेजमेंट बघ, ज्याला आरआयसीएसची, म्हणजे तिथल्या सर्व्हेअरांच्या व्यावसायिक संस्थेची मान्यता आहे. त्यात करार, खर्च, मोजमाप शिकवतात. स्पॉन्सर कंपन्यांची यादी यूके सरकारच्या संकेतस्थळावर सगळ्यांना उघडी आहे. ती आजच उतरवून घे, त्यातल्या बांधकाम कंपन्या वेगळ्या काढ आणि गेल्या सहा महिन्यांत त्यांनी कुठली पदं भरली ते बघ. कन्सल्टंटच्या माहितीपत्रकापेक्षा त्यातून जास्त कळेल.

खारघरची_मावशी

कॅनडाचं मी सांगते, कारण माझ्या बहिणीच्या मुलाचं बघतेय.

तो २०२३ मध्ये ओंटारियोत कॉलेजात प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा सर्टिफिकेट कोर्स करायला गेला. तेव्हा त्याच्यावर वर्क परमिट मिळत होतं, त्याला मिळालंही. पण आता ज्या मुलांना हाच कोर्स सुचवला जातो त्यांना ते मिळणार नाही, हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितेय. १ नोव्हेंबर २०२४ पासून जे स्टडी परमिटला अर्ज करतात, त्यांनी कॉलेजचा डिप्लोमा-सर्टिफिकेट केला तर तो कोर्स सरकारच्या यादीतल्या शाखेत असावा लागतो. शेती, आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, कारागिरीची कामं, वाहतूक अशी ती यादी, नंतर त्यात शिक्षणही आलं. साधे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचे कोर्स त्यात नाहीत. म्हणजे फी भरा, वर्ष काढा, आणि परत या. विद्यापीठाची मास्टर्स असेल तर शाखेची अट नाही, तीन वर्षांचं परमिट मिळू शकतं, इंग्रजीची परीक्षा मात्र द्यावी लागते. पण तिथे प्रवेशही कठीण आणि फीही मोठी.

खात्यात दाखवायची रक्कमही वाढली, १ सप्टेंबर २०२५ पासून फीशिवाय २२,८९५ डॉलर. आणि पीआरसाठी (कायम वास्तव्यासाठी) नोकरीच्या ऑफरचे जे जास्तीचे गुण मिळायचे ते २५ मार्च २०२५ ला काढून टाकले.

आमचा मुलगा हुशार आहे, इथे मुलुंडला इंटिरिअरवाल्याकडे छान काम करत होता. आता ब्रॅम्प्टनला रात्रपाळीत पॅकिंग करतो. फोनवर सगळं ठीक आहे म्हणतो. बहीण रोज रात्री त्याच्या पाळीचे तास मोजत जागी असते. त्या कन्सल्टंटला हा नियम माहीत नसेल तर त्याने सल्ला देऊ नये, आणि माहीत असून सांगत असेल तर त्याच्याकडे पुन्हा जाऊ नकोस रे बाळा.

नौपाडा_काका

मी बँकेत कर्ज विभागात होतो, आता निवृत्त. नोकरीचं तुम्ही तरुण मंडळी बघा, मी हप्त्याचं सांगतो.

३५ लाख, ११ टक्के, १० वर्षं: महिना ४८ हजारांचा हप्ता. घर तारण दिलं की दर थोडा उतरतो, साडेनऊ धरला तरी ४५ हजार. पण ही झाली मुद्दल जशीच्या तशी राहिली तर. शिकत असताना आणि नंतर सहा महिने ते वर्षभर हप्ता नसतो, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असतं. ते भरलं नाही तर मुदलात मिळवतात. ३५ चे ४१ झाले की ११ टक्क्यांनी हप्ता ५६ हजारांवर जातो. म्हणून निदान व्याज तरी दरमहा भरत राहावं. तुमच्या बाबांच्या निवृत्तीनंतर ते कोण भरणार, हे आधी ठरवा.

हिशेब पौंडांत करू नका. असं समजा की मुलगा परत आला आणि ठाण्यात ६५ हजारांवर लागला. ५६ हजार हप्ता गेल्यावर उरतात ९. हे झेपणार असेल तरच सही करा. घर तारण असलं आणि हप्ते थकले तर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली कोर्टात न जाता घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. मी अशा नोटिसांवर सह्या केल्या आहेत, म्हणून कळकळीने सांगतो. आईचं मत विचारा. घर त्यांचंही आहे.

दोन फायद्याच्या गोष्टीही आहेत. जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची पूर्ण वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते. आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशात पाठवलेल्या पैशांवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसे पाठवतानाच कापला जाणारा कर) कापला जात नाही. स्वतःच्या बचतीतून वर्षात १० लाखांवर पाठवले तर कापतात, तो रिटर्न भरताना जमा धरतात.

कोपरी_ठाणे_पूर्व

ऑस्ट्रेलियाचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. भाऊ पर्थला आहे. भारतीयांना व्यापार करारामुळे मास्टर्सनंतरचा ४८५ व्हिसा तीन वर्षांपर्यंत मिळू शकतो. पण कोर्स दोन शैक्षणिक वर्षांचा हवा, एका वर्षाच्या मास्टर्सवर मिळत नाही. म्हणजे फी दुप्पट धरा. जुलै २०२४ पासून वयाची मर्यादा ३५ झाली, ती तुम्हाला अडत नाही. स्टुडंट व्हिसाचीच फी आता २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे आणि व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. भाऊ सांगतो की साइटवरचा अनुभव असलेल्यांना तिकडे ओळख होते, बाकीच्यांना खूप थांबावं लागतं. सीबीडी ताई म्हणतायत तसंच.

कळवा_साइट_इंजिनिअर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री काकांचं उत्तर बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन वेळा वाचायला लावलं. आई तेव्हा पहिल्यांदा बोलली. ती म्हणाली, जाऊ नको म्हणत नाही, पण घरावर नको.

मावशी, कॅनडाचा विषय सोडला. मी कन्सल्टंटला फोन करून नोव्हेंबर २०२४ च्या नियमाबद्दल विचारलं, तर म्हणाला, बघून सांगतो.

सीबीडी ताई, मी ऑफर एक वर्ष पुढे ढकलता येते का म्हणून विद्यापीठाला मेल टाकलाय. पण दोन प्रश्न आहेत. एक, या वर्षात नेमकं काय करू? प्रिमावेराचा क्लास लावला की झालं का? आणि दुसरं, पीएमपी (पीएमआयचं प्रमाणपत्र) करून इथेच राहिलो तर? इकडेही एवढी कामं चालू आहेत.

सीबीडी_प्लॅनर

ढकलायचा मेल टाकलास हे बरं केलंस. पण त्यांचं उत्तर येईल तेव्हा विचार की पुढच्या वर्षी फी आजचीच राहील का, आणि त्याच ऑफरवर कन्स्ट्रक्शनच्या कोर्सला बदलता येईल का. पुष्कळदा बदलता येतं, नुसतं विचारावं लागतं.

क्लासचं सांगते. प्रिमावेरा क्लासमध्ये बटणं कळतात. ते लावच, पण खरा अभ्यास तुझ्या साइटच्या शेड्यूलवर कर. प्लॅनिंगच्या सरांना जाऊन सांग की मला सहा महिने तुमच्या हाताखाली द्या, बिलिंग सांभाळून करतो. डेटा सेंटरचं काम करतोयस, हे साधं नाही. महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात जी डेटा सेंटर उभी राहतायत तशीच लंडनच्या पश्चिमेला आणि डब्लिनलाही आहेत. काँक्रीट संपल्यावर चिलर, जनरेटर, केबल ट्रे, मग टेस्टिंग-कमिशनिंग, हा क्रम कसा लागतो ते शिक. सिव्हिलची मुलं स्लॅब झाला की दुसऱ्या साइटवर जातात, त्यामुळे हा शेवटचा टप्पा कळणारे फार कमी असतात. तू थांब. शेवटपर्यंत थांब. आयर्लंडही बघून ठेव. तिथे मास्टर्सनंतर दोन वर्षांपर्यंत राहून काम करता येतं आणि डेटा सेंटर बांधणाऱ्या आयरिश कंपन्या युरोपभर कामं घेतात.

कागद आत्तापासून जमव. अनुभवपत्रात नुसतं साइट इंजिनिअर नको. प्लॅनिंगचं काम कधीपासून केलं, कुठलं सॉफ्टवेअर वापरलं, कामाची किंमत किती, हे लिहून घे. नोकरी सोडल्यावर ते मिळायला जीव जातो. आणि स्वतःच्या वहीत विलंबाच्या घटना लिहीत जा, तारीख आणि कारणासकट. कंपनीची कागदपत्रं, ड्रॉइंग बाहेर काढू नकोस, फक्त तू काय केलंस ते.

पीएमपीचं. तुझ्यासारख्या पदवीधराला त्यासाठी प्रोजेक्ट सांभाळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. हजेरी आणि मापं त्यात धरायला ते काचकूच करतील, प्लॅनिंगचे महिने धरतील. म्हणून ते आज नाही. आज काही करायचंच असेल तर सीएपीएम, पीएमआयचंच सुरुवातीचं प्रमाणपत्र, त्याला अनुभव लागत नाही. यूकेत मात्र पीएमपीपेक्षा एपीएम या तिथल्या संस्थेची आणि प्रिन्स-टू या पद्धतीची प्रमाणपत्रं जास्त विचारतात, बांधकामात तर एनईसीचं ज्ञान त्याहून जास्त.

इथेच राहिलो तर, हा प्रश्न विचारलास त्याचं मला फार बरं वाटलं. मी परत आले तेव्हा नातेवाइकांनी हळहळ व्यक्त केली. पण बघ, नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाला तो पहिला टप्पा, वर्षाला दोन कोटी प्रवाशांचा. पुढचे टप्पे धरून तो नऊ कोटींपर्यंत जायचा आहे. ठाणे-बोरिवली बोगद्याचं काम चालू आहे, मेट्रो चारचं काम चालू आहे, बुलेट ट्रेनचं ठाणे स्टेशन म्हातार्डीला होतंय. यातल्या मोठ्या कामांचे सल्लागार परदेशी आहेत, करार फिडिकच्या (आंतरराष्ट्रीय नमुना कराराच्या) धर्तीवर आहेत आणि क्लेम्स, म्हणजे वाढीव वेळ-पैशाचे दावे समजणारा प्लॅनर त्यांना मिळत नाही. इंग्लंडात शिकलेला डिले अ‍ॅनालिसिस मी आता रोज वापरते आणि त्याचे पैसे मला नीट मिळतात. तिकडे राहता आलं नाही म्हणून ते शिक्षण वाया गेलं असं मला एक दिवसही वाटलं नाही. पण माझं कर्ज १८ लाखांचं होतं, घर तारण नव्हतं, आणि जाण्याआधी तीन वर्षांचा पगार साठवलेला होता. तू ३५ लाखांनी गेला असतास आणि असाच परतला असतास, तर हे वाक्य तुला लिहिता आलं नसतं.

नौपाडा_काका

एक राहिलं. वर्षभर थांबणारच असाल तर बाबांच्या निवृत्तीची रक्कम आल्यावर लगेच फीत घालू नका. मुलाने स्वतः पगारातून महिना १५ हजार बाजूला टाकायला सुरुवात करावी. एक तर रक्कम साठते, दुसरं म्हणजे हप्ता भरायची सवय होते. बँकेतही सहकर्जदार निवृत्त असला की मुलाच्या नोकरीचा इतिहास बघतात.

कळवा_साइट_इंजिनिअर

विद्यापीठाचं उत्तर आलं. ऑफर सप्टेंबर २०२७ ला ढकलता येते, फी तेव्हाची लागेल. कन्स्ट्रक्शनच्या कोर्सला बदलायला वेगळा फॉर्म आहे, आज भरतोय.

सरांशी बोललो. ते म्हणाले, बिलिंग संपल्यावर रोज दोन तास बस, सुरुवातीला नुसता अपडेट भर, बेसलाइनला, म्हणजे मूळ मंजूर शेड्यूलला हात लावायचा नाही. ताई, एक विचारू? आमच्या साइटवर हिंडरन्स रजिस्टर आहे, पण त्यात गेल्या तीन महिन्यांच्या नोंदींवर क्लाएंटची सहीच नाही. ते नंतर धरतात का?

सीबीडी_प्लॅनर

सही नसेल तर क्लाएंट पुढे वाद घालतो. सरांना सांगून प्रत्येक नोंदीचं वेगळं पत्र त्या त्या कलमाचा उल्लेख करून आजच पाठवायला लाव आणि पोच घे. मागची तारीख टाकायची नाही, आजचीच टाकायची. मजकुरात घटना कधीची ते लिहायचं, सोबत त्या दिवसाचा डीपीआर जोडायचा. डीपीआरवर त्यांच्या इंजिनिअरची सही असतेच, ती कामी येते. तुमच्या करारात कळवायची मुदत किती आहे ते आधी बघ. ती उलटून गेलेल्या नोंदी वेगळ्या काढ, त्यांचं काय करायचं ते सर आणि कॉन्ट्रॅक्ट्सवाले ठरवतील.